एमएमसी रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल जवळ आलंय, प्रॅक्टिस सध्या बंद आहे, आत्ताच करावं का?

ऐरोलीची डॉक्टर

नमस्कार मंडळी, इथे ठाणे-नवी मुंबईतले बरेच डॉक्टर दिसतात म्हणून विचारतेय. मी एमबीबीएस आणि नंतर डीजीओ, म्हणजे स्त्रीरोग-प्रसूतीचा डिप्लोमा. पाचपाखाडीत एका नर्सिंग होमला बरीच वर्षं काम केलं, मग सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि घरी पूर्ण वेळ माणूस लागायला लागलं, तेव्हापासून प्रॅक्टिस बंद आहे. आता त्या बऱ्यापैकी सावरल्यात, वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात, त्यामुळे वर्ष-दीड वर्षात ऐरोलीतच छोटं क्लिनिक काढायचं मनात आहे.

प्रश्न असा की महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या रजिस्ट्रेशनची मुदत काही महिन्यांत संपतेय. रिन्यूअलला लागणाऱ्या सीएमईच्या, म्हणजे डॉक्टरांच्या सतत शिक्षणाच्या, तीस पॉईंटांपैकी निम्म्याहून थोडे जास्त आहेत, बाकीचे अजून जमवायचेत. घरचे म्हणतात आत्ता कशाला धावपळ करतेस, क्लिनिक उघडशील तेव्हा बघू, फी भरून टाकू. मला ते पटत नाहीये पण ठामपणे का पटत नाहीये तेही सांगता येत नाहीये.

दुसरी अडचण नावाची. डिग्री आणि एमएमसी दोन्ही माहेरच्या नावाने, आधार आणि पॅन सासरच्या नावाने. आणि ते जे नॅशनल मेडिकल रजिस्टर सुरू झालंय ते म्हणजेच रिन्यूअल, की ते वेगळं? आमच्या बॅचच्या ग्रुपवर तीन जणी तीन वेगळ्या गोष्टी सांगतायत.

नौपाडा जीपी

ताई, आत्ताच करा. क्लिनिक उघडेपर्यंत थांबायचा विचारच मनातून काढून टाका. क्लिनिक उघडायचं म्हटलं की नोंदणी चालू असल्याचा कागद आधी लागतो, मग बाकी सगळं. जागेचा करार, बायोमेडिकल वेस्टवाल्यांकडची नोंदणी, इंडेम्निटी पॉलिसी, उद्या चार बेड टाकायचे ठरवलंत तर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली पालिकेकडची नोंदणी, प्रत्येक ठिकाणी एमएमसीचं सर्टिफिकेट मागतात आणि त्यावरची तारीख बघतात. तेव्हा तीस पॉईंट जमवायला बसलात तर भाडं चालू आणि शटर बंद अशी परिस्थिती होते. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही.

आता पॉईंटचं बोलू. पाच वर्षांत तीस तास हे काही काउन्सिलने कालपरवा काढलेलं नाही, २००२ च्या आचारसंहितेतच ते आहे की दर पाच वर्षांत किमान ३० तासांचं सतत शिक्षण डॉक्टरने घ्यावं. महाराष्ट्राने ते रिन्यूअलला जोडलं. पण हे पॉईंट एका दिवसात पडत नाहीत. एका कार्यक्रमाला एक, दोन, एखाद्या मोठ्या परिषदेला थोडे जास्त. म्हणजे तुम्हाला जे दहा-बारा कमी पडतायत ते आजपासून लागलात तर आरामात होतील, शेवटच्या पंधरवड्यात होणार नाहीत. ठाणे, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबई, सगळीकडे आयएमएच्या, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या, शाखा आहेत आणि रविवारी सकाळी कुठे ना कुठे काहीतरी असतंच, तुमच्या स्त्रीरोगवाल्यांच्या संघटनेचेही कार्यक्रम असतात. जायच्या आधी एक गोष्ट बघा, कार्यक्रमाला एमएमसीने पॉईंट मंजूर केलेत का. पत्रकावर नुसतं "पॉईंट अपेक्षित" असं लिहिलेलं असेल तर आयोजकाला फोन करून विचारा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कार्यक्रमाला गेलात म्हणजे पॉईंट जमा झाले असं धरून चालू नका. आयोजक हजेरी पाठवतात, त्यात रजिस्ट्रेशन नंबराचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की तुमचे पॉईंट दुसऱ्याच्या खात्यात किंवा कुठेच नाही. माझं एका परिषदेचं असंच झालं होतं, आयोजकांनी भलताच नंबर टाकला होता, पण सर्टिफिकेट फाइलला होतं म्हणून दुरुस्त करून घेता आलं. तुम्ही आज लॉगिन करा, तिथे जमा दिसणारे पॉईंट आणि तुमच्याकडची सर्टिफिकेटं समोरासमोर ठेवा. शक्यता आहे की तुमचे थोडे पॉईंट असे लोंबकळत असतील आणि तुम्हाला वाटतंय तितके कमी नसतीलही.

नावाचं. लग्नाचं सर्टिफिकेट आणि राजपत्रातली नाव बदलाची नोंद हे दोन कागद तयार ठेवा. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो पण नाव छापून यायला वेळ जातो म्हणून ते आजच सुरू करा. आणि हे रिन्यूअलच्या अर्जात कोंबू नका. नाव बदल हा काउन्सिलकडे स्वतंत्र अर्ज आहे. माहेरच्या नावानेच प्रॅक्टिस करायची असेल तरी हरकत काही नाही, कितीतरी बायका करतात, फक्त बोर्डावरचं, लेटरहेडवरचं आणि रजिस्टरमधलं नाव एकच पाहिजे.

डीजीओ जोडून घेतलंय ना हेही बघा. पीजी केलं तरी अॅडिशनल क्वालिफिकेशन म्हणून काउन्सिलकडे नोंद वेगळी करावी लागते, ती नसेल तर बोर्डावर लिहायचं नाही.

घोडबंदर टीपीए

मी डॉक्टर नाही, मेडिक्लेमच्या कामात आहे, पण इथे लिहावंसं वाटलं कारण याचा त्रास शेवटी पेशंटला होतो आणि ते डॉक्टरांना बऱ्याचदा कळतही नाही. पॉलिसीच्या कागदात मेडिकल प्रॅक्टिशनरची व्याख्या छापलेली असते, त्यात शब्द आहे "वैध नोंदणी असलेला". राज्याच्या काउन्सिलची वैध नोंदणी. म्हणजे फाइलमध्ये ज्यांचं प्रिस्क्रिप्शन आहे, ज्यांनी अॅडमिट करायला लिहिलं, त्यांच्या नंबराची मुदत संपलेली निघाली की क्वेरी पडते. पेशंट तिकडे डिस्चार्ज घेऊन पैसे भरून बसलेला असतो आणि त्याला आम्ही सांगायचं की तुमच्या डॉक्टरचं चालू रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट आणा. तो बिचारा काउंटरवर विचारतो, मी काय केलं यात? आणि त्याने खरंच काही केलेलं नसतं.

त्यामुळे ताई, घरच्यांना सांगा की ही फी भरायची गोष्ट नाहीये, तुमच्या सहीवर विश्वास ठेवून पुढे सात-आठ माणसांचं काम चालतं.

वाशी फिजिशियन

रिन्यूअल करावं याबद्दल दुमत नाही, पण पॉईंटांच्या पद्धतीबद्दल मला मनापासून काही म्हणायचंय आणि ते इथे म्हणतोच.

तीस तास पाच वर्षांत म्हणजे वर्षाला सहा तास. सहा तास! आमच्या विषयात डायबेटिसची औषधं गेल्या दहा वर्षांत किती बदलली बघा, हार्ट फेल्युअरमध्ये काय काय आलं बघा, अँटिबायोटिक रेझिस्टन्सचं चित्र तर दरवर्षी बदलतंय, आणि डॉक्टरने वर्षाला सहा तास शिकलं की झालं? बरं ते सहा तासही कसे, तर हॉटेलात रविवारी, मागे औषध कंपन्यांचे स्टॉल, दोन लेक्चरं, मग जेवण. मी सगळ्यांना एका माळेत ओवत नाही, फार चांगले सीएमई होतात, ठाण्यात आणि इकडे नवी मुंबईतही होतात, समोर खरी केस ठेवून तासभर वादावादी होते आणि माणूस घरी जाऊन पुस्तक उघडतो. पण खुर्चीत बसलेल्याला तेवढेच पॉईंट आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही तेवढेच.

काउन्सिलने याला वेसण घालायचा प्रयत्न केला नाही असं नाही, कार्यक्रमाला निरीक्षक पाठवतात, हजेरी पूर्ण वेळ असावी असं बघतात. पण हजेरी मोजता येते, शिकणं मोजता येत नाही. मला वाटतं तीसपैकी निदान दहा तास तरी स्वतःच्या हॉस्पिटलात, स्वतःच्या पेशंटांच्या मृत्यूंचा आणि गुंतागुंतींचा आढावा घेण्याचे असावेत. कुठलंही नाव न घेता, कुणाला दोष न देता, नुसतं काय झालं आणि काय करता आलं असतं. ज्या वॉर्डात हे दर महिन्याला होतं तिथला ज्युनियर आणि जिथे होत नाही तिथला ज्युनियर यांत फरक दिसतो, मी दोन्हीकडे काम केलंय.

आणि केंद्राकडून काही येईल म्हणून थांबू नका. एनएमसीने, म्हणजे केंद्राच्या नॅशनल मेडिकल कमिशनने, २०२३ मध्ये नोंदणी आणि परवान्याचे नियम काढले, त्यातही परवाना पाच वर्षांचाच आणि मुदत संपायच्या तीन महिने आधी अर्ज, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीपेक्षा फार वेगळं काही नाही. त्याच वर्षी २ ऑगस्टला वर्तणुकीचे नवे नियम आले, त्यावर देशभर ओरड झाली आणि त्याच महिन्यात ते स्थगित केले. मग परत २००२ चीच संहिता. त्यामुळे नौपाडावाले डॉक्टर म्हणतात ते बरोबर, तीस तास धरूनच चाला.

नॅशनल मेडिकल रजिस्टरचं विचारलंय ते वेगळं आहे. त्याचं पोर्टल ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं. आधार, एमबीबीएसची डिग्री आणि राज्य काउन्सिलचं पहिल्या नोंदणीचं सर्टिफिकेट टाकायचं, ते आधी राज्य काउन्सिलकडे पडताळणीला जातं, तिथून कॉलेज किंवा युनिव्हर्सिटीकडे आणि मग एनएमसीकडे. ते केलं म्हणजे एमएमसीचं रिन्यूअल झालं असं अजिबात नाही. आणि तिथे आधारवरचं नाव येतं, तुमच्या बॅचच्या मैत्रिणींचं अडतंय ते बहुतेक तिथेच. म्हणून आधी काउन्सिलमध्ये नाव बदला, मग तिकडे जा.

न्यू जर्सीवाला ठाणेकर

मूळचा चरईतला, आता बरीच वर्षं अमेरिकेत इंटर्नल मेडिसिन करतो. वर सहा तासांचा विषय निघाला म्हणून इकडचं सांगतो, तुलना करून बघा.

इथे लायसन्स देशाचं नसतं, राज्याचं असतं, आणि प्रत्येक राज्याचा हिशेब निराळा. आमच्या न्यू जर्सीत दोन वर्षांत शंभर क्रेडिट. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत पन्नास तास. इलिनॉयमध्ये तीन वर्षांत दीडशे. फ्लोरिडात दोन वर्षांत चाळीस, पण त्यात दोन तास वैद्यकीय चुका कशा टाळायच्या यावरचे घ्यावेच लागतात. आणि न्यूयॉर्क, जे आमच्या नदीपलीकडे आहे, तिथे नोंदणी दर दोन वर्षांनी पण असे सरसकट तासच नाहीत, त्याऐवजी दर चार वर्षांनी संसर्ग नियंत्रणाचा कोर्स करायचा. नदीच्या या काठाला शंभर आणि त्या काठाला एकही नाही. दोन्हीकडे प्रॅक्टिस करणारे माझे सहकारी आहेत, ते दोन वेगळ्या फाइली ठेवतात. शिवाय २०२३ च्या जूनपासून केंद्राचं वेगळं, अफूवर्गीय वगैरे नियंत्रित औषधं लिहायची असतील तर व्यसनावरच्या उपचारांचं आठ तासांचं शिक्षण एकदा घ्यावं लागतं.

यातलं मला सगळ्यात पटलेलं म्हणजे फ्लोरिडाचे ते दोन तास. आकडा छोटा आहे पण विषय चुकवता येत नाही. वाशीवाले डॉक्टर म्हणतात तो मुद्दा तोच आहे.

ऐरोलीच्या डॉक्टरांसाठी अजून एक. इथे बऱ्याच राज्यांत "इनॅक्टिव्ह" म्हणून प्रकार आहे, घरच्या अडचणीसाठी थांबायचं असेल तर लायसन्स त्या खणात ठेवता येतं. कॅलिफोर्नियात त्या काळात सीएमई माफ, पण एक प्रिस्क्रिप्शनसुद्धा लिहायचं नाही, आणि परत सुरू करताना तासांचा हिशेब आधी द्यायचा. आईवडिलांसाठी, मुलांसाठी थांबलेल्या किती बायका या सोयीमुळे परत येऊ शकल्या ते मी बघितलंय. आपल्या काउन्सिलनेही असं काहीतरी मनावर घ्यावं असं फार वाटतं.

ऐरोलीची डॉक्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी लॉगिन केलं, दोन कार्यक्रमांचे पॉईंट खरंच जमा दिसत नाहीयेत, सर्टिफिकेटं आहेत माझ्याकडे, आयोजकांना मेल टाकलाय. डीजीओची नोंद आहे. राजपत्राचा अर्ज उद्या करतेय.

अजून एक विचारते. प्रॅक्टिस बंद आहे असं मी म्हणते खरी पण सोसायटीत तसं नसतं ना. कुणाच्या मुलाला स्विमिंगसाठी फिटनेस पाहिजे, कुणाला ऑफिसला रजेसाठी, व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचे फोटो येतात की मॅडम हे बघून सांगा. पैसे मी कुणाकडूनच घेत नाही. मधल्या काळात समजा मुदत संपली आणि नवीन सर्टिफिकेट यायला थोडे दिवस लागले तर एवढं चालतं का?

नौपाडा जीपी

नाही चालत. आणि पैसे घेतले नाहीत याने काही फरक पडत नाही.

हे जरा नीट सांगतो कारण आपल्यातले चांगले लोक इथेच अडकतात. एनएमसी कायद्याचं कलम ३४ आहे, त्यात रजिस्टरवर नाव नसलेल्या माणसाने काय काय करायचं नाही ते दिलंय, प्रॅक्टिस तर आहेच पण कायद्याने लागणाऱ्या सर्टिफिकेटवर सही करणं हे त्यात वेगळं सांगितलंय. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो बडगा मुळात बोगस डॉक्टरांसाठी आहे, तुमच्यासारख्यांसाठी नाही, पण मुदत संपलेल्या नंबरावर सही करून आपण त्याच्या आसपास तरी का जायचं?

स्विमिंगचं सर्टिफिकेट साधं वाटतं. पण तो मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला की पहिला कागद तोच बाहेर येतो आणि त्यावर तुमचा नंबर असतो. तो असायलाच हवा, २००२ च्या संहितेप्रमाणे प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट आणि पावती तिन्हीवर रजिस्ट्रेशन नंबर लागतो. दिलेल्या सर्टिफिकेटांची नोंदवहीही ठेवायची असते, कुणाला दिलं, ओळखीची खूण काय, आणि एक प्रत आपल्याकडे. तुम्ही घरून देत असाल तर ती वही घरी ठेवा.

व्हॉट्सअॅपचं म्हणाल तर मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, ती नोंदणीकृत डॉक्टरसाठीच आहेत. फोटो बघून औषधाचं नाव आणि डोस लिहिलात की ते कन्सल्टेशन झालं. मुदत संपलेली असेल त्या दिवसांत सरळ लिहा की तुमच्या डॉक्टरांना दाखवा. वाईट वाटून घेणारे वाईट वाटून घेतील.

आणि सगळ्यात नाजूक म्हणजे घरी झालेला मृत्यू. रात्री दोनला बेल वाजते, वरच्या मजल्यावरचे आजोबा गेलेत, मुलगा पुण्याहून निघालाय, स्मशानभूमीत कागद लागणार. मी चाळीसेक वर्षं हे करतोय. घरी झालेल्या मृत्यूचा फॉर्म ४ए असतो, मृत्यूच्या कारणाचा, आणि तो आजारपणात ज्याने शेवटी उपचार केले त्या डॉक्टरने द्यायचा असतो. शेजारी म्हणून नाही. तुम्ही त्या माणसावर उपचार केलेले नसतील तर नोंदणी ताजी असली तरी सही करायची नाही, कारण माहीत नसताना "हार्ट अटॅक" असं ठोकून द्यायचं नाही. वर जाऊन बसा, बाईंना पाणी द्या, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरला फोन लावून द्या, संशय वाटला तर पोलिसांना कळवायला सांगा. हे एवढं केलंत तरी खूप आहे. कागदावर सही मात्र ज्याची त्यानेच.

आता कामाचं. मुदत संपायच्या तीन महिने आधी अर्ज टाका म्हणजे हा मधला काळ येतच नाही. अर्ज ऑनलाइनच आहे, पण काही अडलं आणि काउन्सिलच्या ऑफिसला जायची वेळ आली तर ते चिंचपोकळीला, साने गुरुजी मार्गावर आर्थर रोड नाक्याजवळ आहे. ऐरोलीहून ठाण्याला येऊन स्लो पकडा, फास्ट चिंचपोकळीला थांबत नाही. ओरिजिनल सगळी बरोबर न्या, पहिल्या नोंदणीचं सर्टिफिकेटसुद्धा, लोक चालू रिन्यूअलचं नेतात आणि ते घरी कपाटात राहतं.

कोपरखैरणे रहिवासी

वाचत होतो, चांगली चर्चा आहे. पेशंट म्हणून विचारतो, आमच्या गल्लीत एक दवाखाना आहे, बोर्डावर डॉक्टर लिहिलंय पण नंबर नाही. आम्ही कसं तपासायचं? थेट विचारलं तर अपमान केल्यासारखं वाटतं.

वाशी फिजिशियन

अपमान काही नाही, तुमचा हक्क आहे. सरळ म्हणा, मेडिक्लेमला लागतोय, नंबर द्या. खरा डॉक्टर लगेच देतो. एमएमसीच्या साइटवर नावाने किंवा नंबराने शोधता येतं. आता काउन्सिलने क्यूआर कोडही काढलाय, तो दवाखान्यात लावलेला असेल तर मोबाइलने स्कॅन केलं की डॉक्टरची माहिती दिसते.

फक्त एक लक्षात ठेवा, एमएमसीमध्ये नाव नाही म्हणजे लगेच बोगस असं नाही. तिथे एमबीबीएस आणि त्यापुढचे असतात. बीएएमएसवाले महाराष्ट्र काउन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, बीएचएमएसवाले होमिओपॅथीच्या काउन्सिलकडे, दातांचे डॉक्टर डेंटल काउन्सिलकडे. म्हणून आधी डिग्री कोणती ते बघा आणि मग त्या ठिकाणी शोधा. कुठेच सापडलं नाही तर नवी मुंबई महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा, तोंडी नको, आणि पोचपावती घ्या.